डिलीट केली तरी परत येणारी अनोळखी फाइल: विंडोजची की घुसखोर?

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागेतल्या सीएंच्या ऑफिसांपर्यंत एक तक्रार फिरून फिरून येते. कॉम्प्युटर जड झाला म्हणून कुणीतरी टास्क मॅनेजर उघडतं, त्यात कधी न ऐकलेलं नाव दिसतं आणि लगेच फोन येतो: "दादा, एसव्हीसीहोस्ट नावाचं काहीतरी साठ-सत्तर वेळा चालू दिसतंय. वायरस हाय वाटतं. उडवू का?" दुसऱ्या प्रकारचा फोन जास्त वैतागलेला असतो: "काल डिलीट केलेली फाइल आज परत तिथंच हाय!"

पहिल्या फोनला माझं उत्तर ठरलेलं आहे: हात लावू नका. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण फाइल परत येते तेव्हा दोन शक्यता असतात. एक, ती विंडोजची किंवा तुम्हीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची आहे आणि ते सॉफ्टवेअर आपली हरवलेली वस्तू परत जागेवर ठेवतंय. दोन, तिला परत आणून ठेवणारं काहीतरी दुसरीकडे लपलंय आणि तुम्ही फक्त दिसणारं टोक कापताय. दोन्ही वेळा नुसतं डिलीट करून काही साधत नाही. आधी फाइल कोणाची ते ठरवायचं आणि मग काय करायचं ते.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी डिलीट का नको

२००१ मध्ये एक ईमेल जगभर फिरला. त्यात लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरवर एसयूएलएफएनबीके नावाची फाइल असेल तर तो वायरस आहे, शोधून उडवा आणि सगळ्यांना कळवा. फाइल खरोखरच प्रत्येकाकडे सापडत होती, कारण ती विंडोज ९८ चाच भाग होती. फायलींची लांब नावं पूर्ववत करण्यासाठी ती दिलेली होती. पुढच्याच वर्षी तोच प्रकार जेडीबीजीएमजीआर या फाइलबाबत झाला. तिचं चिन्ह अस्वलाच्या पिल्लाचं होतं, त्यामुळे लोकांना ती आणखीच संशयास्पद वाटली. तीही मायक्रोसॉफ्टचीच होती. या दोन प्रकरणांत वायरस कुठेच नव्हता, नुकसान लोकांनी स्वतःच्या हातांनी केलं. आज ईमेलची जागा व्हॉट्सअॅप ग्रुपनं घेतली आहे, पण मजकूर तसाच असतो: "ही फाइल दिसली तर ताबडतोब डिलीट करा, दहा ग्रुपवर पाठवा."

अँटिव्हायरसचा इशारा आला तरी घाई नको. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली खरीखुरी एसव्हीसीहोस्ट फाइल वायरस समजून काढून टाकली आणि असंख्य ऑफिसांतले कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. एखाद्या फाइलबद्दल इशारा आला तर तिला क्वारंटाइनमध्ये राहू द्या. तिथे ती चालू शकत नाही आणि चुकून पकडली गेली असेल तर परत काढता येते. कायमचं डिलीट केल्यावर तो मार्ग उरत नाही.

डिलीट करताना "ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल" असा निरोप आला तर तिथंच थांबा. विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फायलींची मालकी या ट्रस्टेडइन्स्टॉलरकडे असते, आणि हा निरोप म्हणजे फाइल घरची असल्याची मोठी खूण आहे. ती मालकी आपल्या नावावर करून फाइल कशी उडवायची हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्या वाटेला कृपया जाऊ नका.

नावावर विश्वास नको, नावावरून संशयही नको

फाइलला नाव कुणीही काहीही देऊ शकतं. घुसखोर अनेकदा विंडोजमधलं ओळखीचं नाव घेतो आणि विंडोजची खरी नावं इतकी विचित्र आहेत की नवख्या माणसाला तीच खोटी वाटतात. सीएसआरएसएस, एलएसएएसएस, स्पूलएसव्ही, कॉनहोस्ट, सीटीएफमॉन, डीडब्ल्यूएम, रनटाइमब्रोकर, टीआयवर्कर ही सगळी खरी आहेत. एमएसएमपीइंज ही तर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर याचीच फाइल आहे. तपासणी चालू असताना ती प्रोसेसर भरपूर खाते आणि मग तिलाच वायरस समजलं जातं. सी ड्राइव्हवर कित्येक जीबीच्या पेजफाइल आणि हायबरफिल नावाच्या लपलेल्या फायली दिसतात, त्याही विंडोजच्याच. पहिली रॅमला जोड म्हणून असते, दुसरी कॉम्प्युटर हायबरनेट करताना रॅममधलं सगळं साठवायला.

आता साठ-सत्तर एसव्हीसीहोस्टचं. ही फाइल विंडोजच्या सर्व्हिसेस चालवते: नेटवर्क, आवाज, अपडेट, घड्याळ वगैरे. पूर्वी एका एसव्हीसीहोस्टमध्ये अनेक सर्व्हिसेस एकत्र कोंबलेल्या असायच्या. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. एक सर्व्हिस कोसळली तर बाकीच्या पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. म्हणून संख्या मोठी दिसणं निरोगीपणाचंच लक्षण आहे. दुकानात नवा आठ जीबीचा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्यापेक्षा त्यात जास्त "वायरस" दिसायला लागले, असं वाटण्यामागचं कारण हेच.

मात्र स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचा. व्ही आणि सी यांची अदलाबदल करून एससीव्हीहोस्ट करतात. एलएसएएसएसच्या सुरुवातीचा छोटा एल काढून तिथे मोठा आय बसवतात, आणि टास्क मॅनेजरच्या अक्षरवळणात ते दोन्ही एकसारख्या उभ्या रेघा दिसतात. संशय आला तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथल्या कन्सोलास फॉन्टमध्ये दोन्ही अक्षरं स्पष्ट वेगळी दिसतात.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू या मेन्यूत जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन दाखवण्याची खूणही आत्ताच करून ठेवा. ती बंद असते तेव्हा "बिल.पीडीएफ.ईएक्सई" ही फाइल नुसती "बिल.पीडीएफ" अशी दिसते, आणि त्यावर पीडीएफचं चिन्ह लावणं अगदी सोपं असतं.

पत्ता: सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डीटेल्स या भागात जा. वरच्या शीर्षकाच्या पट्टीवर राइट क्लिक करून सिलेक्ट कॉलम्स निवडा आणि "इमेज पाथ नेम" व "कमांड लाइन" या दोन खुणा करा. माझ्या मते हे दोन कॉलम प्रत्येक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कायम चालू असावेत. प्रोसेसबाबतचे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमबाबतचे, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

पाथ म्हणजे फाइलचा पत्ता. खरी एसव्हीसीहोस्ट राहते सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आत सिस्टिम३२ मध्ये. सीएसआरएसएस, एलएसएएसएस, सर्व्हिसेस, विनलॉगऑन यांचं घरही तेच. एक्सप्लोरर मात्र सिस्टिम३२ मध्ये नसतो, तो थेट विंडोज फोल्डरमध्ये असतो. त्यामुळे "एक्सप्लोरर सिस्टिम३२ मध्ये नाही" म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट लोकांना हमखास गोंधळात टाकते. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४-बिट फायली असतात आणि सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात ३२-बिट. नावं उलटी वाटतात, पण आहे असंच. जुनी सॉफ्टवेअर चालावीत म्हणून विंडोज ठेवणीतल्या ३२-बिट प्रती तिथे बाळगतं. त्यामुळे एखादी विंडोजची फाइल सिसवॉव६४ मध्ये सापडली तर तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. विनएसएक्सएस या फोल्डरातही अनेक फायलींच्या प्रती असतात.

मग संशय कधी घ्यायचा? विंडोजचं नाव आणि परका पत्ता अशी जोडी जमली की. एसव्हीसीहोस्ट जर यूजरच्या अॅपडेटा फोल्डरात, टेंपमध्ये, प्रोग्रामडेटामध्ये किंवा यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात सापडली, तर ती विंडोजची नाही हे नक्की समजा. नुसतं अॅपडेटात असणं हा मात्र गुन्हा नाही. झूम आणि वनड्राइव्ह तिथेच बसतात, कारण तिथे बसायला अॅडमिनचा पासवर्ड लागत नाही. घुसखोरांनाही ती जागा आवडते ती याच कारणासाठी.

सही, आणि ती वाचताना होणारी गल्लत

फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. सही करणाऱ्याचं नाव निवडून डीटेल्स दाबा. "ही डिजिटल सही ठीक आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायला हवं. बाजूच्याच डीटेल्स नावाच्या पानावर "मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन" लिहिलेलं दिसतं, त्यावर मात्र विसंबू नका. फाइल बनवणारा त्या रकान्यात हवं ते लिहू शकतो, आणि टास्क मॅनेजरमधलं वर्णनही तिथूनच उचललेलं असतं. सहीचं तसं नाही. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती तुटते.

अडचण अशी की विंडोजच्या बऱ्याच खऱ्या फायलींना डिजिटल सिग्नेचर्स हे पानच नसतं. कमांड प्रॉम्प्टची सीएमडी हीच फाइल बघा. तिची सही फाइलच्या आत नसून विंडोजच्या वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते. पान नाही म्हणून ती खोटी, असा निष्कर्ष काढून चांगली फाइल उडवलेले कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात. अशा वेळी पॉवरशेल ही विंडोजची कमांड द्यायची खिडकी उघडून गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर ही कमांड आणि पुढे अवतरण चिन्हांत फाइलचा पत्ता द्या. स्टेटसखाली "व्हॅलिड" आलं की सही पक्की. ही कमांड कॅटलॉगही बघते. पत्ता हातानं टाइप करायची गरज नाही: शिफ्ट दाबून फाइलवर राइट क्लिक केलं की कॉपी अॅज पाथ मिळतं.

सहीलाही मर्यादा आहेत. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या वायरसच्या ड्रायव्हर फायलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांनी सही केलेली होती. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत, सही असलेल्या आवृत्तीतच घातक भाग घुसवला गेला होता. पण त्या हल्ल्यांमागे मोठी ताकद होती. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येणाऱ्या उपद्रवाकडे चोरलेली प्रमाणपत्रं नसतात.

उलट बाजूही ध्यानात घ्या. आपल्या भागात दूध संस्था, पतसंस्था आणि अडत दुकानं यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहून देणारे छोटे प्रोग्रॅमर आहेत. सही करायच्या प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे पडतात, म्हणून त्यांच्या फायली अनेकदा बिनसहीच्या असतात आणि अँटिव्हायरस त्यांच्यावर भुंकतो. अशी फाइल दोषी धरण्याआधी सॉफ्टवेअर देणाऱ्याला फोन करा आणि त्याच्याकडच्या मूळ फाइलचा हॅश (तो काय ते लगेच खाली) मागून घ्या.

हॅश काढा, फाइल पाठवू नका

चोरीच्या गाडीची नंबर प्लेट बदलता येते, चेसिस नंबर बदलणं अवघड. फाइलचा चेसिस नंबर म्हणजे हॅश. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आणि पुढे पत्ता दिला की एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरी आकडा मिळतो. नाव बदला, जागा बदला, हॅश तोच राहतो. आतला मजकूर तसूभर बदलला तर पूर्ण वेगळा होतो.

हा आकडा व्हायरसटोटलच्या शोधपट्टीत टाका. २००४ साली स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे, आणि साधारण सत्तर अँटिव्हायरस इंजिनांचं मत ती एका पानावर दाखवते. फाइल चढवण्याची सोयही तिथे आहे, पण चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते. म्हणून आधार कार्ड, सातबारा, पक्षकारांची रिटर्न्स, बँकेची पत्रं अशी कागदपत्रं तिथे कधीही चढवू नका. हॅश शोधायला फाइल पाठवावी लागत नाही.

निकाल वाचायला थोडा विचार लागतो. सत्तरपैकी एखाद्या-दुसऱ्या अपरिचित इंजिनानं "जेनेरिक" किंवा "ह्युरिस्टिक" असा मोघम शिक्का मारला असेल तर तो चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त. वीस-तीस इंजिनं एकाच कुळाचं नाव घेत असतील तर विषय संपला. आणि "अशी फाइल सापडली नाही" म्हणजे फाइल स्वच्छ, असं नाही. जी फाइल विंडोजची म्हणवते ती जगातल्या कोट्यवधी कॉम्प्युटरांवर असायला हवी, व्हायरसटोटलनं ती बहुधा आधीच पाहिलेली असते. तिथे तिची नोंदच नसेल तर माझा संशय वाढतो. तुमच्या प्रोग्रॅमरनं गेल्या आठवड्यात बनवून दिलेली फाइल तिथे न सापडणं मात्र अगदी स्वाभाविक आहे.

फाइलचं नाव गूगलवर टाकून येणाऱ्या पहिल्या पानावर विश्वास ठेवू नका. असंख्य पानं प्रत्येक फाइलच्या नावानं एकच मजकूर छापतात आणि शेवटी "हे दुरुस्ती टूल डाउनलोड करा" म्हणतात. हरवलेली डीएलएल फाइल एकटी कुठून तरी उतरवून सिस्टिम३२ मध्ये टाकणंही तितकंच धोक्याचं. व्हीसीरनटाइम१४० नाही असा निरोप आला तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल बसवा, ती फाइल त्याच्यासोबत येते.

फाइल खरी, काम खोटं

पत्ता बरोबर, सही व्हॅलिड, व्हायरसटोटलवर सगळं हिरवं, तरी कॉम्प्युटरमध्ये घुसखोर आहे, असं होऊ शकतं. लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि पेनड्राइव्हचा शॉर्टकट वायरस नेमका असाच चालतो.

विंडोजमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची अस्सल फाइल आहे. तिचं काम एवढंच: दिलेली स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्ट कोणाची हे ती विचारत नाही. शॉर्टकट वायरस अॅपडेटामध्ये एक छोटी व्हीबीएस स्क्रिप्ट टाकतो आणि डब्ल्यूस्क्रिप्टला ती चालवायला लावतो. टास्क मॅनेजरमध्ये नाव दिसतं मायक्रोसॉफ्टच्या फाइलचं. तपासणारा सही बघतो, ती ठीक निघते, आणि तो पुढे जातो. म्हणून मघाशी कमांड लाइनचा कॉलम चालू करायला सांगितला. डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे अॅपडेटातल्या कुठल्या तरी अक्षरांच्या कडबोळ्याचा पत्ता दिसला की खरा दोषी तो पत्ता. रनडीएलएल३२, पॉवरशेल, एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२ यांचाही असाच वापर होतो. पॉवरशेलच्या पुढे न वाचता येणारी लांबलचक अक्षरांची माळ असेल तर ते ऑफिसातल्या साध्या कामाचं लक्षण नव्हे.

खऱ्या एसव्हीसीहोस्टची कमांड लाइनही ओळखता येते: पुढे वजा-के आणि सर्व्हिस गटाचं नाव असतं, आणि तिला सुरू करणारी फाइल असते सर्व्हिसेस. कोणी कोणाला सुरू केलं हे बघायला सिसइंटरनल्सचं प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. १९९६ मध्ये सुरू झालेली ही साधनं २००६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहेत, मोफत आहेत आणि त्यांच्याच साइटवरून मिळतात. त्यातल्या झाडासारख्या रचनेत सर्व्हिसेसच्या फांदीबाहेर एखादी एसव्हीसीहोस्ट लटकताना दिसली तर तिची तपासणी आधी करा. सीएसआरएसएस, विनलॉगऑन आणि एक्सप्लोरर यांना पालक दिसत नाही, ते ठीक आहे. त्यांना सुरू करणारी प्रोसेस आपलं काम करून बंद झालेली असते.

परत का येते

आता दुसऱ्या फोनचं उत्तर. फाइल परत आणणारा बहुतेक वेळा पुढच्या ठिकाणी सापडतो: टास्क शेड्यूलर, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातली) रन ही जागा, स्टार्टअप फोल्डर, किंवा एखादी सर्व्हिस. ही सगळी एकेक करून उघडत बसण्यापेक्षा सिसइंटरनल्सचंच ऑटोरन्स चालवा. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, सह्या तपासण्याची खूण करा. यादी एकदम आटोपशीर होते. गुलाबी ओळ म्हणजे सही किंवा प्रकाशकाचं नाव नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. पिवळ्या ओळी अनेकदा जुन्या अँटिव्हायरसची किंवा आधी उडवलेल्या वायरसची शिल्लक असतात. संशयित ओळ डिलीट न करता तिच्यापुढची खूण काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, दोन दिवस बघा. चुकलात तर खूण परत करता येते.

खूण काढूनही ती परत आपोआप लागली, तर दुसरं काहीतरी पहारा देतंय. तेव्हा विंडोज सिक्युरिटीमधली डिफेंडर ऑफलाइन तपासणी चालवा. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी होते, म्हणून पहारेकरी जागा झालेला नसतो. साधारण १५ मिनिटं लागतात.

ऑफलाइन तपासणीलाही काही सापडत नाही आणि फाइल येतच राहते, तेव्हा मी दोन ठिकाणं बघतो. पहिलं, विंडोज सिक्युरिटीमधली एक्सक्लूजन्सची यादी. असेंबल केलेल्या अनेक कॉम्प्युटरांत विंडोज विकत घेतलेलं नसतं, केएमएस अॅक्टिव्हेटर नावाचं साधन वापरून ते चालू केलेलं असतं. डिफेंडर त्याला हॅकटूल म्हणून पकडतो, म्हणून बसवणारा ते फोल्डर, कधीकधी तर अख्खा सी ड्राइव्हच, तपासणीतून वगळून ठेवतो. अॅक्टिव्हेटर ठरावीक वेळानं परत चालावा म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये नोंदही असते. मग ती फाइल कितीही उडवा, ती येणारच, आणि त्या वगळलेल्या जागेत दुसरं काय येऊन बसलं हे डिफेंडर बघतच नाही. ज्या कॉम्प्युटरवर जीएसटी भरली जाते, बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हे चालवून घेऊ नका. परवाना घ्या आणि विंडोज नव्यानं बसवा. अॅक्टिव्हेटर नुसता काढून भागत नाही.

दुसरं ठिकाण, पेनड्राइव्ह. ऑफिसचा कॉम्प्युटर स्वच्छ केला, पण झेरॉक्सला नेलेला पेनड्राइव्ह तसाच राहिला, तर संध्याकाळी सगळं परत. फेब्रुवारी २०११ पासून मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं आपोआप चालू होणं बंद केलं, तेव्हापासून या वायरसांनी फोल्डरच्या नावाचा शॉर्टकट करून तुमच्याच हातून क्लिक करवून घेण्याची युक्ती धरली. तुमचा डेटा बहुतेक वेळा तिथेच असतो, फक्त लपवलेला. व्ह्यू ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा आणि "प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स लपवा" ही खूण काढा. कधीकधी नावच नसल्यासारखं एक फोल्डर दिसतं, सगळं त्यात असतं. शॉर्टकटवर क्लिक न करता त्या फोल्डरमधली कागदपत्रं बाजूला घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. ऑफिसात जितके पेनड्राइव्ह आहेत तितके सगळे एकाच दिवशी तपासा, एकही सुटता कामा नये.

आपल्याकडच्या कॉम्प्युटरांवर सापडणारे निर्दोष पाहुणे

सेवा केंद्रांत अंगठा घेणारं यंत्र असतं, त्याची आरडी सर्व्हिस सतत चालू दिसते. ती बंद केली की आधारची पडताळणी होत नाही. सीए आणि टेंडर भरणारे डिजिटल सहीचं टोकन वापरतात. त्याचा ड्रायव्हर, आणि जीएसटीसाठी बसवलेला एमसाइनर, दोन्ही पार्श्वभूमीवर चालतात. डोंगल लागणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत एचएएसपीएलएमएस नावाची फाइल थेट सिस्टिम३२ मध्ये येते. ती परवाना तपासणारी आहे, तिला उडवलं तर सॉफ्टवेअर उघडायचं थांबतं. प्रिंटर, आवाज आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर आपापल्या फायली आणतातच. कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे याची यादी आधी डोळ्यांसमोर आणली तर निम्म्या अनोळखी नावांचा उलगडा होतो.

खरंच घुसखोर निघाला तर

इंटरनेट तोडा. डिजिटल सहीचं टोकन काढून घ्या. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून; त्याच कॉम्प्युटरवरून बदललेला पासवर्ड घुसखोरालाही कळू शकतो. खात्यातून पैसे गेले असतील तर साफसफाई नंतर, आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवून धरता येतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची मोफत साधनं आहेत, तीही वापरा.

सफाईनंतर, किंवा कुणी आधीच विंडोजची खरी फाइल उडवली असेल तर, अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमची रीस्टोअर-हेल्थ कमांड आणि मग एसएफसी स्कॅननाऊ चालवा. क्रम हाच ठेवा. डिझम मूळ साठा दुरुस्त करतं आणि एसएफसी त्या साठ्यातून खराब फायली बदलून देतं.

मदत मागायची वेळ आली तर पडद्याचा तिरका फोटो पाठवू नका, त्यातून स्पेलिंगही धड वाचता येत नाही. कॉम्प्युटरवाल्याला चार गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: फाइलचा पूर्ण पत्ता, कमांड लाइन, ६४ अक्षरी हॅश, आणि ती पहिल्यांदा दिसली त्या सुमारास काय नवीन बसवलं किंवा कोणता पेनड्राइव्ह लावला होता ते. एवढं हाती असेल तर तो बहुतेक वेळा फोनवरच सांगू शकेल की ठेवायची की काढायची.